लायसनवर एकच जागा रिकामी: .३५७ मॅग्नम घ्यावं की .४४?

काटोलरोड_शेतकरी

नमस्कार मंडळी. लायसनवर रिव्हॉल्वर/पिस्तूल एनपीबी (बंदी नसलेला बोअर) अशी एक नोंद रिकामी आहे आणि खरेदीची मुदत संपत आली आहे. नागपुरातच दोन जुनी रिव्हॉल्वरं विकायला आहेत. दोन्ही आयात चालू होती त्या काळातली, दोन्ही लायसनधारकांची.

पहिलं स्मिथ अँड वेसन ६८६, .३५७ मॅग्नम, चार इंची नळी, स्टेनलेस. दुसरं त्याच कंपनीचं मॉडेल २९, .४४ मॅग्नम, साडेसहा इंची, ब्लू केलेलं. पैशात फार फरक नाही.

वापर तीन ठिकाणी: महिन्यातून एखाद-दोनदा रेंज, शहरात फ्लॅटमध्ये घरी, आणि काटोल रोडच्या शेतावर रात्रीचा मुक्काम. शेतात डुकरांचा हैदोस आहे, बिबट्याचे पगमार्कही दिसतात. सगळे म्हणून राहिले, घेतोच आहेस तर मोठं घे. हात लहान आहे, आजवर .३२ च चालवलं आहे. एकाच हत्यारात सगळं बसवायचं तर कोणतं?

फिलरगेज

भाऊ, ६८६. पण त्यामागचा हिशेब पाहून घ्या, नाहीतर "मोठं घे" म्हणणारे पुन्हा भेटतील.

.३५७ निघालं १९३५ मध्ये, .३८ स्पेशलची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, साधारण ३ मिमी लांबवून. पुंगळी लांब ठेवली ती मुद्दाम: मॅग्नमचं काडतूस जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये बसूच नये म्हणून. उलटं मात्र बसतं. म्हणजे .३५७ घेतलं की .३८ स्पेशलही त्याच नळीतून चालतं. .४४ मॅग्नम १९५५ चं, तेही याच रीतीने .४४ स्पेशलवरून काढलेलं, त्यामुळे त्यातही हलकं काडतूस चालतं. फरक असा की .३८ स्पेशल हे जगातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या रिव्हॉल्वर काडतुसांपैकी एक आहे आणि .४४ स्पेशल आपल्याकडे शोधून सापडत नाही.

आता ताकद. तुमच्या .३२ लाँगची गोळी नळीतून निघते तेव्हा ऊर्जा साधारण १५० ज्यूल. .३८ स्पेशलची १५८ ग्रेन गोळी २७० च्या आसपास. .३५७ ची त्याच वजनाची गोळी सेकंदाला ३७५ मीटरने जाते, म्हणजे ७२० ज्यूल. .४४ ची २४० ग्रेन गोळी ३६० मीटरने, हजार ज्यूल. कागदावर .४४ जिंकलं.

पण हातावर येणारा झटका ऊर्जेच्या प्रमाणात येत नाही. तो गोळीचं वजन, वेग, बारूद आणि हत्याराचं वजन यांच्या हिशेबाने येतो. हत्यार १.२ किलोचं धरलं तर .३८ स्पेशलला मागे येणारी ऊर्जा ३ ज्यूल, .३५७ ला १० आणि .४४ ला २२-२३. (तुमचं मॉडेल २९ लांब नळीमुळे थोडं जड, म्हणून तिथे २० धरा.) .३२ वरून आलेल्या माणसाला .३५७ चा पूर्ण लोड हाच मोठा जिना आहे. .४४ ची दुसरी गोळी निशाणावर आणायला जो वेळ लागतो तो सरावाने कमी होतो, पण सरावाला काडतुसं लागतात आणि घोडं तिथेच अडतं. .३२ ला खडकीच्या कारखान्याचं केएफ छापाचं काडतूस मिळून जातं. .३५७ आणि .४४ दोन्हींना आयात मालावर राहावं लागतं, त्यात .४४ चा पुरवठा आणखी तुरळक. वर्षाला दोन डबे मिळाले आणि ते जपून ठेवले, तर हत्यार तुमचं झालंच नाही.

राहिला डुकरांचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी चालवणं हा गुन्हा आहे, शेत स्वतःचं असलं तरी. बिबट्या तर अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातला. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना गोळी चालली तर कलम ११ मध्ये संरक्षण आहे, पण ते जनावर सरकारी मालमत्ता होतं आणि चौकशी होतेच. .४४ मॅग्नम ज्या कामासाठी जन्मलं ते काम, म्हणजे मोठ्या जनावराची शिकार, काटोल रोडवर करताच येत नाही. मग उरतो फक्त झटका. शेताला सौरकुंपण आणि अंगणात दिवा लावा, रात्री उशाला टॉर्च ठेवा. डुक्कर त्यानेच जातं.

पंचवीस_मीटर

फिलरगेजदादांचं पटतं. रेंजच्या बाजूने थोडं.

स्पर्धेचा विचार मनात असेल तर .४४ आपोआप बाद. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात बोअर ७.६२ ते ९.६५ मिमीच्या मध्ये हवा, .४४ ची गोळी १०.९ मिमीची. .३५७ ची ९.०७, म्हणजे बसते. पण मॅग्नम काडतूस तिथे चालत नाही, गोळीही जॅकेटची (शिशावर तांब्याचं आवरण असलेली) नको. त्यामुळे .३८ स्पेशलची १४८ ग्रेन वॅडकटर वापरायची. सपाट तोंडाची शिशाची गोळी, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते, गुण मोजायला भांडण नको. नळी १५३ मिमीपेक्षा लांब चालत नाही. चार इंची १०२ मिमी, ठीक. साडेसहा इंची १६५, म्हणजे मॉडेल २९ तिथेही अडतं.

रेंजवर जाण्याआधी एवढं विचारा: त्यांचा बुलेट ट्रॅप, म्हणजे निशाणामागे गोळ्या अडवणारा भाग, मॅग्नमला चालतो का? .२२ आणि .३२ साठी बांधलेल्या ट्रॅपची पातळ प्लेट जॅकेटच्या मॅग्नम गोळीने खड्डे पडून खराब होते, मग पुढच्याची शिशाची गोळी त्या खड्ड्यातून उलटी शिंतोडते. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच मॅग्नमला सरळ नाही म्हणतात.

आणि .३८ भरपूर चालवलंत की एक कटकट ठरलेली. आखूड पुंगळीच्या तोंडापुढे सिलिंडरच्या प्रत्येक खणात काजळी आणि शिशाचं कडं जमतं. नंतर लांब .३५७ घातलं तर ते कड्यावर अडतं, पूर्ण आत जात नाही. बोटाने दाबून बसवलं तर दाब वाढतो आणि रिकामी पुंगळी चिकटून बसते, इजेक्टर दाबला तरी हलत नाही. उपाय सोपा: रेंज संपल्याच्या दिवशीच सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि .४० बोअरचा ब्राँझ ब्रश प्रत्येक खणात दहा-बारा वेळा फिरवायचा. .३८ चा ब्रश सैल पडतो, कडं निघत नाही. शेवटी .३५७ ची रिकामी पुंगळी घालून पाहायची. आपल्या वजनाने टक् करून बसली पाहिजे.

डबल मफ सांगायची गरज नसावी: कानात फोमचे प्लग आणि वरून इअरमफ. दोन्ही मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो.

वऱ्हाडी_अलास्कात

इकडचं चित्र सांगतो, कारण इंटरनेटवर जे ".४४ च घ्या" वाचायला मिळतं ते बहुतेक इकडून येतं.

इथे तपकिरी अस्वल आहे, चारशे किलोच्या वर जाणारं. त्याच्यासाठी .४४ मध्ये ३०० ग्रेनची कडक शिशाची, न फुलणारी गोळी भरतात. उद्देश एकच: जाड हाडातून सरळ खोल जाणं. फुलणारी हॉलो पॉइंट इथे उलट नडते, वरच थांबते. काळ्या अस्वलाच्या भागात .३५७ मध्ये १८० ग्रेनची तशीच कडक गोळी घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. आणि दोघांच्याही कमरेला आधी बेअर स्प्रे असतो, सात-आठ मीटरवर ढग धरायचा. रिव्हॉल्वर त्याच्या नंतर.

.४४ बद्दल एक गोष्ट लोक सांगत नाहीत. वजनदार गोळी आणि हलकं हत्यार एकत्र आलं की झटक्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एक जरी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली तरी ती नळीच्या मागच्या कडेला अडते आणि सिलिंडर फिरतच नाही. तेव्हा ना ट्रिगर ओढता येतो ना नीट उघडता येतं. तपासायचं असं: पाच झाडायच्या, सहावं काडतूस बाहेर काढून न वापरलेल्याशी लांबी ताडून पाहायची. .३५७ मध्येही होतं, पण पोलादी ६८६ मध्ये फार क्वचित.

कोणी नागपूरहून इकडे येऊन घ्यायच्या विचारात असेल तर: एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणं बंद आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते.

काटोलरोड_शेतकरी

बाप्पा, एवढं! मन ६८६ कडे झुकलं. पण समजा ते आतून खलास निघालं आणि २९ नव्यासारखं असलं तर? जुनं हत्यार पाहायचं कसं? विकणारा चालवून पाहू देत नाही, ते बरोबरच आहे म्हणा.

फिलरगेज

मग हालत बघून ठरवा, बोअर बघून नाही. खलास .३५७ पेक्षा ठणठणीत .४४ कधीही बरं, हे मान्य. चालवायची गरज नाही, गन हाऊसच्या काउंटरवर वीस मिनिटं पुरतात. सोबत न्यायचं सामान: छोटी टॉर्च, पांढऱ्या कागदाचा कपटा आणि फिलर गेज. तेच, बुलेट मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो ते पातळ पात्यांचं माप. सीताबर्डीत ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळेल.

सिलिंडर उघडा, सहाही खण रिकामे असल्याचं डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपा. पुढचं सगळं त्यानंतर.

नळीचा मागचा भाग, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते, तो फोर्सिंग कोन. टॉर्च आणि कागद धरून तिथे बारीक भेग दिसते का पाहा, विशेषतः खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या जागी. मॉडेल १९ सारख्या लहान के फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे हत्याराचा सांगाडा, अक्षर त्याच्या आकाराचं) याच जागी नळी खालून तासलेली असते, म्हणून १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी ती तिथे तडकते. ६८६ ही एल फ्रेम, तिथे नळी पूर्ण गोल आणि जाड आहे. कंपनीने ही फ्रेम काढली ती याच दुखण्यावर. तरी पाहा.

मग सिलिंडर बंद करा. नळी आणि सिलिंडर यांच्या मधल्या फटीत गेजची पाती घाला. ०.१५ मिमीची पाती जेमतेम जात असेल तर उत्तम, ०.२५ पर्यंत चालवून घेता येतं. ०.३० सहज शिरली तर बाजूने गॅस आणि शिशाचे कण उडतील, शेजारच्या लेनवाला ओरडेल. सहाही खणांवर मोजा, एका खणाला घट्ट आणि दुसऱ्याला सैल असेल तर सिलिंडर वाकडं फिरतंय.

तीच फट सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे ओढून एकदा मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची मागे-पुढे हालचाल. ०.०५ मिमीपर्यंत सोडून द्या. ०.१० असेल तर मॅग्नम खूप चालवलेलं आहे. पातळ वॉशर घालून दुरुस्त होतं, पण हाताशी तसा कारागीर आहे का ते आधी पाहा आणि किंमत पाडून मागा.

टायमिंग: डाव्या अंगठ्याने सिलिंडरला हलकासा अडथळा ठेवा आणि उजव्याने हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे अडकण्याच्या आत किंवा नेमकं त्याच वेळी सिलिंडरची कडी खाचेत पडल्याचा आवाज आला पाहिजे. हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून ढिलं फिरतंय, तर खण नळीसमोर आलेला नाही. अशा हत्यारात गोळी कडेला घासून शिरते. सहाही खणांना करा, एखाद्याच खणाला उशीर होणं नेहमीचं आहे. हॅमर मागे अडकवून अंगठ्याने बेताचा जोर देऊन पुढे ढकला. पडला तर कोणीतरी ट्रिगर हलका करायच्या नादात आतलं घासलं आहे. असं हत्यार फुकटातही नको.

नळीतून आरपार पाहताना काळं गोल कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकून मागून दुसरी मारलेली आहे, नळी फुगलेली. सोडून द्या. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, नळीच्या मागे, बारीक आडवी भाजल्याची रेघ असेल तर तिला घाबरू नका, मॅग्नममध्ये ती पडते आणि थोड्या खोलीवर थांबते.

आता या दोन मॉडेलांच्या खास गोष्टी. सिलिंडर उघडून आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक वाचा. नुसतं ६८६ किंवा ६८६-१ असेल तर शेजारी वेगळा एम ठोकलेला आहे का पाहा. सुरुवातीच्या मालात काही काडतुसांचं प्रायमर (बुडाची पेटणारी टोपी) फायरिंग पिनच्या भोकात मागे फुगून सिलिंडर अडायचं, म्हणून कंपनीने १९८७ मध्ये ते परत बोलावून सुट्टा भाग बदलून दिला. बदललेल्यावर एम असतो. आपल्याकडे आलेलं हत्यार परत कोण पाठवणार! एम नसला तरी .३८ ला क्वचितच त्रास होतो, पण मॅग्नम भरताना ते डोक्यात असू द्या. मॉडेल २९ च्या जुन्या मालात जड लोड सतत मारले तर झटक्याने सिलिंडर सुटून उलटं फिरण्याची तक्रार होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी खाचा लांब करून ती मिटवली. तुमच्यासमोरचं २९ त्याआधीचं असणार.

हाताचं माप तिथेच घ्या. नळी आणि मनगट-कोपर एका रेषेत ठेवून पकडा. तर्जनीचं पेर ट्रिगरच्या मधोमध पोचलं पाहिजे. २९ च्या मोठ्या एन फ्रेमवर लहान हात ट्रिगरपर्यंत पोचायला पकड फिरवतो, मग झटका तळव्यात न जाता अंगठ्याच्या मुळाशी बसतो.

कागदवाला

हत्याराचं झालं, कागदाचं मी सांगतो.

दोन्ही बोअर एनपीबीच. बंदी आहे ती .३८० आणि .४५५ चं रिमवालं, तसंच ९ मिमी आणि .४५ चं रिमलेस सर्व्हिस काडतूस ज्यात बसतं अशा हत्यारांना. गोंधळ इथे होतो: .३८ स्पेशल आणि बंदीतलं .३८० हे एकच समजून कारकून फाइल अडवतो. .३८० ची पुंगळी जाड असते, .३५७ च्या खणात बसत नाही. नोंद "रिव्हॉल्वर .३५७ मॅग्नम, एनपीबी" अशी पूर्ण लिहून घ्या, आणि काडतुसांच्या रकान्यात .३५७ मॅग्नम व .३८ स्पेशल दोन्ही. नाहीतर दुकानदार .३८ देणार नाही, आणि मग वरची सगळी चर्चा पाण्यात.

विकणाऱ्याने कलम ५ प्रमाणे लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. शहरात परवाना अधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी. तुमचं लायसन शहराचं आणि त्याचं काटोलचं असेल तर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार धरून मुदत मोजा. पैसे पूर्ण देण्याआधी फ्रेमवरचा नंबर त्याच्या लायसनशी अक्षर न् अक्षर ताडा. पुन्हा ब्लू केलेल्या हत्यारात नंबर पॉलिशने पुसट होतात, ३ आणि ८ वर नजर ठेवा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, हे ध्यानात असेलच.

काटोलरोड_शेतकरी

६८६ पाहून आलो. फट ०.१५, टायमिंग सहाही खणांना बरोबर, एम आहे. फक्त सिलिंडर एकदा उघडेना, दुसऱ्यांदा जोर दिला तर उघडलं. विकणारा सोबत जुन्या काडतुसांचे तीन डबेही देतो म्हणतो. मे महिन्यात गाडीत डबा राहिला तर चालतो का, हेही सांगा.

फिलरगेज

उघडत नाही ते बहुधा इजेक्टर रॉड ढिला झाला म्हणून. रॉडचे आटे सुटत गेले की तो लांब होतो आणि पुढच्या कडीत अडकतो. त्याचे आटे उलटे आहेत, घट्ट करायला डावीकडे फिरवायचं. उजवीकडे फिरवून बसलात तर आणखी सुटेल. घट्ट करण्याआधी खणांत रिकाम्या पुंगळ्या घाला, नाहीतर इजेक्टरच्या चांदणीवर जोर येऊन ती वाकते. पक्कडीने धरायचं तर मध्ये चामड्याचा तुकडा. चांदणीखाली न जळालेल्या बारुदाचे दाणे असले तरी असंच घट्ट चालतं, आधी टूथब्रशने ते झाडून पाहा.

जुने डबे आधी उघडून बघा. काडतुसांचीही रीतसर नोंद होऊ द्या, नुसती पिशवीतून घेऊ नका. पितळेवर हिरवट बुरशी, पुंगळीच्या तोंडाला उभी चीर किंवा प्रायमरभोवती काळपट डाग असेल ते बाजूला. उरलेली फक्त रेंजवर. नुसता क्लिक झाला तर नळी निशाणाकडेच धरून तीस सेकंद थांबा, उशिरा फुटू शकतं. आवाज फुसका आला तर तिथेच थांबा, सिलिंडर उघडून रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना हे पाहिल्याशिवाय पुढची मारू नका. मघाचं ते काळं कडं असंच पडतं.

गाडीत नको. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात भाजेल इतका तापतो, बारूद लगेच पेटत नाही पण आतून खराब होत जातं. घरात सगळ्यात थंड खोलीतलं कुलूपबंद कपाट, हत्यार वेगळ्या कप्प्यात. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, स्टेनलेसलाही त्यात डाग पडतात. घरी भरायला .३८ चीच ठेवा, प्लस-पी (थोड्या जास्त दाबाची) मिळाली तर ती. फ्लॅटमध्ये मॅग्नमचा भडका आणि आवाज तुम्हालाच आंधळं-बहिरं करेल, आणि चुकलेली गोळी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगमधून समोरच्या गॅलरीत जाईल.

पंचवीस_मीटर

पहिले दोन महिने फक्त वॅडकटर आणि डबल ॲक्शन, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून, आधी हॅमर ओढून नाही. मॅग्नम त्यानंतर, तेही एका वेळी सहाच. ट्रिगर ओढताना डोळे मिटायला लागले की त्या दिवशी पुन्हा .३८ वर या. घरी कोरडा सराव करायचा तर प्लास्टिकच्या डमी घाला आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या.